कांजिण्यांचा दुसरा डोस

समजा, एकाच घरातली चार चुलत भावंडं आहेत, सगळी दोनेक वर्षांची. एक पुण्यात, एक फ्रँकफर्टला, एक न्यू जर्सीत आणि एक गावी, आजी-आजोबांजवळ. चौघांची लसीकरणाची कार्डं शेजारी-शेजारी ठेवली, तर गोवर, पोलिओ, धनुर्वात यांच्या बाबतीत फारसा फरक दिसत नाही. कांजिण्यांपाशी मात्र गाडी अडते. पुण्यातल्या मुलाला खासगी बालरोगतज्ज्ञाने पंधराव्या महिन्यात पहिला आणि अठरा-एकोणीस महिन्यांचा असताना दुसरा डोस दिलेला. जर्मनीतल्या मुलीचा पहिला डोस अकराव्या महिन्यात आणि दुसराही दुसऱ्या वाढदिवसाच्या आत उरकलेला. अमेरिकेतल्या भावाचा पहिला डोस वर्षाचा झाल्यावर झालाय, पण दुसरा होईल तो चार ते सहा वर्षांच्या दरम्यान, शाळेत नाव घालायच्या वेळी. आणि गावाकडच्या मुलाच्या सरकारी कार्डावर हा रकानाच नाही.

विषाणू एकच, लसही मुळात एकाच वंशातली. मग वेळापत्रकं एवढी वेगळी कशी? पालक हा प्रश्न विचारतात तेव्हा ‘प्रत्येक देशाचं धोरण वेगळं’ एवढ्यावर बोळवण होते. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. पहिला डोस नेमका कुठे कमी पडतो याबद्दल प्रत्येकाने काय मानलं आणि लस देणारं कोण आहे, सरकार की घर, या दोन गोष्टींवर हे वेळापत्रक ठरलेलं आहे. त्या समजल्या की बाकीची गुंतागुंत बऱ्यापैकी सुटते.

आजाराबद्दल थोडक्यात. कांजिण्यांचा विषाणू हवेतून आणि फोडांतल्या पाण्यातून पसरतो. संसर्गानंतर १० ते २१ दिवसांनी अंगावर पुरळ उठतं, पण उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच मूल आजार वाटत असतं. म्हणून ‘शेजारच्या घरी कांजिण्या आल्यात, तिकडे जाऊ नको’ ही ताकीद बहुतेक वेळा उशिरा आलेली असते. एका घरात एकाला झाल्या की ज्यांना पूर्वी झालेल्या नाहीत अशा दहांपैकी नऊ जणांना होतात. लहानपणी झालेल्या बऱ्या, असं जुनी माणसं म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. लस येण्यापूर्वीच्या अमेरिकी आकड्यांत १ ते १४ वर्षांच्या मुलांत लाख रुग्णांमागे एक मृत्यू होता, तर तिशी-चाळिशीतल्या माणसांत तोच आकडा पंचवीसच्या घरात होता. मोठ्यांना न्यूमोनिया होतो. गरोदरपणाच्या पहिल्या वीस आठवड्यांत आईला कांजिण्या आल्या, तर थोड्या बाळांत जन्मजात व्यंग येतं. बाळंतपणाच्या आधीचे पाच दिवस ते नंतरचे दोन दिवस या काळात आईच्या अंगावर फोड आले, तर नवजात बाळाच्या जिवावर बेततं.

पण ‘लहानपणी बऱ्या’ म्हणजे ‘लहानपणी निरुपद्रवी’ नव्हे. त्याच अमेरिकेत लसीपूर्वी दरवर्षी सुमारे ४० लाख लोकांना कांजिण्या होत, दहा हजारांहून अधिक रुग्णालयात दाखल होत आणि शंभर ते दीडशे दगावत. त्यांत धडधाकट मुलं पुष्कळ असत. खाजवलेल्या फोडांत जंतू शिरून होणारा त्वचेचा संसर्ग, तोल जाणं, मेंदूज्वर हे सगळं क्वचित घडतं, पण लाखांच्या गर्दीत क्वचित म्हणजेही बरीच मुलं. (जाता जाता : कांजिण्यांच्या तापात ॲस्पिरिन देऊ नये, आणि आयब्युप्रोफेनही टाळलेलं बरं. पॅरासिटामॉल पुरतं. कडुलिंबाच्या पाल्याने बिघडत नाही, पण रोजची आंघोळ बंद करून मुलाला घामट ठेवल्याने बिघडू शकतं.)

लसीची गोष्ट जपानमध्ये सुरू होते. मिचिआकी ताकाहाशी हे ओसाकाचे विषाणुतज्ज्ञ १९६०च्या दशकात अमेरिकेत ह्यूस्टनला संशोधनासाठी गेलेले असताना त्यांच्या तीन वर्षांच्या मुलाला कांजिण्यांनी गाठलं, आणि तेही जोरात. जपानला परतल्यावर त्यांनी ओका आडनावाच्या एका आजारी मुलाच्या फोडांतून विषाणू वेगळा केला, माणसाच्या आणि गिनीपिगच्या पेशींत पुन्हा पुन्हा वाढवून तो दुबळा केला आणि १९७४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष मांडले. पहिला वापर कुठे केला, तर रुग्णालयात इतर आजारांसाठी दाखल असलेल्या मुलांत, वॉर्डातली साथ थोपवण्यासाठी. आज जगात वापरल्या जाणाऱ्या बहुतेक कांजिण्या-लसी याच ओका विषाणूच्या आहेत. गंमत अशी, की ज्या देशाने ही लस जगाला दिली, त्याने ती सर्व बालकांच्या नियमित कार्यक्रमात घेतली ऑक्टोबर २०१४मध्ये, म्हणजे चाळीस वर्षांनी. तोवर ज्याला हवी त्याने पैसे भरून घ्यावी अशी रीत होती, आणि तेवढ्याने तिथली साथ काही थांबली नाही. हा मुद्दा आपल्याला पुढे लागेल.

सगळ्या मुलांना लस द्यायचं अमेरिकेने १९९५मध्ये ठरवलं. तेव्हा एकच डोस होता. पहिली काही वर्षं आकडे झपाट्याने उतरले आणि सगळे खूश झाले. मग डिसेंबर २०००मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यातल्या एका पाळणाघरात साथ आली. तिची सुरुवात एका लस घेतलेल्या, निरोगी मुलापासून झाली. त्याने तीन वर्षांपूर्वी डोस घेतला होता. तपास केला तेव्हा त्या पाळणाघरात लसीचं संरक्षण कुठल्याही कांजिण्यांपासून अवघं ४४ टक्के भरलं. मध्यम किंवा तीव्र आजारापासून मात्र ते ८६ टक्के होतं. ज्यांना डोस घेऊन तीन वर्षं किंवा अधिक काळ झाला होता, त्यांना धोका अडीचपटीहून जास्त होता. एका पाळणाघरावरून देशाचं धोरण ठरवू नये हे खरं. पण नंतर शाळांशाळांतून, जिथे बहुतेक मुलांनी लस घेतली होती तिथेही, अशा साथी येत राहिल्या. जून २००६मध्ये अमेरिकेच्या लसीकरण सल्लागार समितीने दुसरा डोस जोडला.

लसीनंतर होणाऱ्या या कांजिण्या तशा सौम्य असतात. लस न घेतलेल्या मुलाच्या अंगावर अडीचशे ते पाचशे फोड येतात. लस घेतलेल्याच्या अंगावर बहुधा पन्नासहून कमी, ताप नाही किंवा किरकोळ. कधी कधी तर डास चावल्यासारखं दिसतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. पण असं मूल दुसऱ्याला आजार देऊ शकतं. फोड पन्नासहून कमी असतील तर ही शक्यता लस न घेतलेल्याच्या एक तृतीयांश असते. एक तृतीयांश म्हणजे शून्य नव्हे, आणि वर्गात साठ मुलं बसत असतील तर मुळीच नव्हे.

आता मूळ प्रश्न. पहिला डोस कमी पडतो, तो का? दोन शक्यता आहेत. एक, काही मुलांत तो मुळात लागूच पडत नाही. सुई टोचली, पण शरीराने दखल घेतली नाही. दुसरी, तो लागू पडतो, पण वर्षागणिक त्याचा जोर ओसरतो. वरवर पाहता हा फरक केवळ तज्ज्ञांच्या वादाचा वाटेल, पण दुसऱ्या डोसची वेळ यावरच ठरते. जोर ओसरत असेल तर दुसरा डोस थोडा लांब ठेवावा, म्हणजे तो ओसरणारी पातळी पुन्हा वर उचलेल. मुळात काही मुलांत लस लागतच नसेल, तर ती मुलं पहिल्या दिवसापासून उघडी आहेत, आणि दुसरा डोस चार वर्षं लांबवणं म्हणजे त्यांना तेवढी वर्षं तसंच ठेवणं.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या ॲन गर्शन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने पारडं एका बाजूला झुकवलं. नेहमीपेक्षा काटेकोर चाचणी वापरल्यावर दिसलं, की एका डोसनंतर ७६ टक्के मुलांतच प्रतिपिंडं पुरेशी तयार झाली होती. म्हणजे चारातलं एक मूल पहिल्या डोसने तयारच झालेलं नाही. जोर ओसरतो का? काही अमेरिकी आकडेवारीत काळाबरोबर धोका वाढताना दिसतो, त्यामुळे ती शक्यता पुसून टाकता येत नाही. पण माझ्या मते मोठा भाग पहिल्या प्रकारच्या अपयशाचा आहे, आणि तसं असेल तर दुसरा डोस लवकर देण्याच्या बाजूने युक्तिवाद मजबूत आहे.

मग अमेरिकेने चार ते सहा वर्षं का निवडली? त्या वयात मुलांना गोवर-गालगुंड-रुबेलाचा दुसरा डोस द्यायचाच असतो, शाळेत प्रवेशासाठी दाखलाही लागतो. एक फेरी वाचते, एक अडथळाही आपसूक उभा राहतो. हा निर्णय शास्त्राइतकाच सोयीचा होता. आणि अमेरिकेला तो परवडतो, कारण तिथे इतक्या मुलांना लस मिळालेली असते, की दोन डोसांच्या मधल्या वर्षांत उघड्या राहिलेल्या मुलापर्यंत विषाणू पोहोचण्याची शक्यताच कमी. कांजिण्यांचं प्रमाण तिथे लसीपूर्व काळाच्या तुलनेत ९७ टक्क्यांहून अधिक घटलं आहे. जर्मनीने २००४मध्ये लस सुरू केली आणि २००९मध्ये दुसरा डोस घेतला, तो दुसऱ्या वर्षातच. कारण तिथली मुलं लहान वयात पाळणाघरात जातात आणि साथ तिथेच पेट घेते. जपाननेही दुसरा डोस तीन वर्षांच्या आतच ठेवला. ऑस्ट्रेलियाचा पवित्रा निराळा : २००५पासून अठराव्या महिन्यात एकच डोस, गंभीर आजार टळला म्हणजे पुरे. उद्दिष्ट तेवढंच असेल तर तोही हिशेब चुकीचा नाही. दहा युरोपीय देशांत झालेल्या आणि २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत एका डोसने सर्व प्रकारच्या कांजिण्यांपासून ६५ टक्के संरक्षण दिलं, पण मध्यम-तीव्र आजारापासून ९० टक्के. दोन डोसांनी हे आकडे अनुक्रमे ९५च्या आसपास आणि ९९च्या वर गेले.

इंडियन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स, म्हणजे आपल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना, आधी अमेरिकेच्याच वाटेने जात होती : पहिला डोस पंधराव्या महिन्यात, दुसरा चार ते सहा वर्षांत. नंतर तिने दुसरा डोस अठरा-एकोणीस महिन्यांवर आणला. म्हणून मोठ्या बहिणीच्या फाईलमध्ये एक वेळापत्रक आणि धाकट्या भावाच्या फाईलमध्ये दुसरं दिसतं, आणि आईला वाटतं डॉक्टरांनी काहीतरी गोंधळ केला. गोंधळ नाही, मधल्या काळात शिफारस बदलली. माझ्या मते हा बदल योग्य होता, आणि भारतात तर अधिकच योग्य. इथे आजूबाजूची बहुतेक मुलं लसीविना आहेत. विषाणू वस्तीत, शाळेत, लग्नाच्या हॉलमध्ये मोकळा हिंडतो आहे. अमेरिकेतल्या मुलाला मधल्या चार वर्षांत जे कवच भोवतालचा समाज देतो, ते इथे नाही. ज्या चारातल्या एका मुलात पहिला डोस लागला नाही, त्याला इथे कांजिण्या गाठणारच. दुसरी, कागदावर न येणारी बाजू म्हणजे आपल्याकडे चार वर्षांनी यायला सांगितलेली माणसं येत नाहीत. फाईल हरवते, घर बदलतं, डॉक्टर बदलतो.

पहिला डोस पंधराव्या महिन्यात का, बाराव्यात का नाही? बाळाला आईकडून आलेली प्रतिपिंडं पहिल्या वर्षात ओसरत जातात. ती शिल्लक असताना जिवंत लस दिली तर ती वाया जाऊ शकते. बाराव्या महिन्यातही लस चालते, पण पंधराव्या महिन्यापासून दिली तर लसीनंतर कांजिण्या होण्याचं प्रमाण कमी दिसतं, असं ॲकॅडमीचं म्हणणं. साथ अगदी दारात असेल, तर बाराव्या महिन्यात देण्यात चूक नाही.

दोन डोसांमधल्या अंतराइतकीच महत्त्वाची, पण कमी सांगितली जाणारी एक गोष्ट आहे. कांजिण्यांची लस जिवंत विषाणूची. टोचून देण्याच्या दोन जिवंत लसी एक तर एकाच दिवशी द्याव्यात, नाही तर मध्ये निदान चार आठवडे जाऊ द्यावेत. गोवराची लस घेतल्यानंतर चार आठवड्यांच्या आत कांजिण्यांची लस टोचली गेलेल्या मुलांत नंतर कांजिण्या होण्याचं प्रमाण अडीचपट आढळलं होतं. आपल्याकडे ही चूक व्हायला वाव भरपूर. गोवर-रुबेलाचा सरकारी दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत, आशाताईंच्या यादीप्रमाणे अंगणवाडीत किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात होतो. कांजिण्यांची लस खासगी दवाखान्यात. दोन्हीकडची कार्डं वेगळी. खासगी डॉक्टरांकडे जाताना सरकारी कार्ड बरोबर नेलं, तर एवढ्यानेच हा घोळ टळतो. त्रिगुणी, पोलिओची सुई, न्यूमोकोकल या जिवंत नसलेल्या लसींना ही अट नाही.

कांजिण्या, गोवर, गालगुंड आणि रुबेला अशी चारही मिळून एकच सुई मिळते. एक टोचणं वाचतं, पण पहिला डोस म्हणून ती दिली तर नंतरच्या पाच ते बारा दिवसांत तापाचे झटके किंचित वाढतात : साधारण २,३०० ते २,६०० मुलांमागे एक जास्तीचा झटका. हे झटके भयंकर दिसतात, कायमचं नुकसान करत नाहीत. जर्मनी म्हणून पहिला डोस वेगवेगळ्या सुयांनी देते. सप्टेंबर २०२५मध्ये अमेरिकेच्या समितीने चार वर्षांखालील मुलांसाठी एकत्र सुई नको असा कौल दिला. आणि ब्रिटनने जानेवारी २०२६पासून बाराव्या आणि अठराव्या महिन्यांना नेमकी तीच एकत्र सुई सुरू केली.

ब्रिटनने इतका उशीर का केला हे समजून घ्यायचं तर नागिणीकडे वळावं लागतं. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत दडून राहतो आणि म्हातारपणी किंवा अशक्तपणी नागीण बनून बाहेर येतो. विळखा पूर्ण झाला की माणूस जातो, ही आपल्याकडची समजूत निराधार. वेदना मात्र खऱ्या आणि कधी महिनोन्महिने टिकणाऱ्या. सायरेन्सेस्टर या गावातले साधे फॅमिली डॉक्टर एडगर होप-सिम्प्सन यांनी १९६५मध्ये एक कल्पना मांडली : मोठ्या माणसांचा कांजिण्या झालेल्या मुलांशी अधूनमधून संबंध येतो, त्याने त्यांची प्रतिकारशक्ती ताजी होते आणि नागीण दबून राहते. मग मुलांना लस देऊन कांजिण्याच संपवल्या, तर आजी-आजोबांना नागीण जास्त होईल का? या भीतीने ब्रिटन वर्षानुवर्षं थांबला. हिशेब क्रूर होता, नातवंडांच्या फोडांवर आजोबांचं आरोग्य. पण तो मूर्खपणाचा नव्हता.

अनुभवाने तो बहुतांशी खोटा ठरवला. अमेरिकेत नागीण वाढत होती, पण ती लस येण्याआधीपासूनच वाढत होती आणि लसीनंतर तिचा वेग बदलला नाही. ब्रिटनमध्येच २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घरात मुलाला कांजिण्या झाल्यावर मोठ्यांना नागिणीचा धोका सुरुवातीला ३३ टक्क्यांनी आणि दहा-वीस वर्षांनंतरही २७ टक्क्यांनी कमी दिसला. म्हणजे होप-सिम्प्सन यांचं निरीक्षण खरं होतं, परिणाम मात्र गणिती प्रारूपांत धरला होता तेवढा मोठा नाही. शिवाय लस घेतलेल्या मुलांना स्वतःला नागीण होण्याचं प्रमाण लस न घेतलेल्यांपेक्षा ७८ टक्क्यांनी कमी आढळलं. नोव्हेंबर २०२३मध्ये ब्रिटनच्या लसीकरण समितीने आपलं मत बदललं.

आता घरचा प्रश्न. भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात कांजिण्या नाहीत, आणि सरकारला त्याबद्दल दोष देण्याची घाई मला करवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४च्या भूमिकेत स्पष्ट म्हटलं आहे, की ही लस सार्वत्रिक करायची तर किमान ८० टक्के मुलांपर्यंत ती सातत्याने पोहोचली पाहिजे. २० ते ८० टक्क्यांच्या मध्ये अडकलो तर विषाणूचा फेरा मंदावतो, थांबत नाही. ज्यांना लहानपणी कांजिण्या झाल्या असत्या, त्यांना त्या विशीत-तिशीत गाठतात. ही भीती ग्रीसने खरी करून दाखवली आहे, पण रुबेलाच्या बाबतीत. तिथे १९७०च्या दशकापासून रुबेलाची लस होती, पण पसरली ती निम्म्याहून कमी मुलांत. परिणामी तरुण मुली रुबेलापासून असुरक्षित राहिल्या आणि १९९३च्या साथीत जन्मजात रुबेला झालेली २५ बाळं जन्मली.

खासगी दवाखान्यात एका डोसला दोनेक हजार रुपये मोजावे लागतात. त्यामुळे आपल्याकडे लस पोहोचते ती शहरी मध्यमवर्गापर्यंत. ही सध्याची अर्धवट अवस्था फार काळ चालू ठेवण्याजोगी नाही. लस कार्यक्रमात घ्यायची तर गोवर-रुबेलाच्या दुसऱ्या डोसइतकी खोलवर पोहोचवायची, अन्यथा घेऊ नये. काहींना मिळते, काहींना नाही, हा सर्वांत वाईट पर्याय. त्यात भर म्हणजे, उष्ण कटिबंधात कांजिण्या मुळातच थोड्या उशिरा येतात. २०००मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय पाहणीत पाच वर्षांपर्यंतच्या मुलांत सुमारे तीस टक्क्यांनाच संसर्ग होऊन गेलेला होता आणि हे प्रमाण नव्वदच्या घरात जायला तिशी उजाडत होती.

याचा अर्थ आईवडिलांनी वाट पाहावी असा नाही. सरकारचा हिशेब आणि घरचा हिशेब वेगळा. घरातल्या मुलासाठी उत्तर सरळ आहे : लस देणार असाल तर दोन्ही डोस द्या, एक देऊन थांबू नका. दुसरा डोस राहून गेला असेल तर पहिल्यापासून सुरुवात करायची गरज नाही. मूल कोणत्याही वयाचं असो, राहिलेला तेवढा द्यायचा. तेरा वर्षांखाली दोन डोसांत तीन महिने, त्यानंतर चार ते आठ आठवडे. घरात कुणाला कांजिण्या झाल्या आणि मुलाने लस घेतलेली नसेल, तर तीन दिवसांच्या आत, फार तर पाच, टोचली तरी उपयोग होतो.

राहतात त्या, लहान मुलांच्या चर्चेत कुणाला न आठवणाऱ्या, कांजिण्या न झालेल्या आणि लसही न घेतलेल्या अठरा-वीस वर्षांच्या मुली. परदेशी विद्यापीठात प्रवेश घेणाऱ्या मुलीकडे कांजिण्यांचा दाखला मागतात, तेव्हा घरात धावपळ होते. इथेच शिकणाऱ्या, इथेच लग्न होणाऱ्या मुलीला कुणीच विचारत नाही. गरोदरपणात ही लस देता येत नाही. दोन डोस त्याआधीच पूर्ण व्हावे लागतात आणि शेवटच्या डोसनंतर निदान महिनाभर गर्भधारणा टाळावी लागते. म्हणजे लग्नाआधीच्या तपासणीत ‘तुला कांजिण्या झाल्या होत्या का’ हा एक प्रश्न हवा, आणि मुलीला आठवत नसेल तर तो आईला विचारायला हवा.